नाराचा हेल

गामागोरी, २२ मे १९८३

ती. आजीस,

सा. न. वि. वि. (यातली विनंती या वेळी खरोखरच विशेष आहे, म्हणून पत्र अर्ध्यात ठेवून मांजराशी खेळायला जाऊ नकोस.)

नव्या घराच्या खिडकीतून समुद्र दिसतो. संत्र्यांच्या बागा फुलल्यात, त्यामुळे शाळेची अख्खी टेकडी लग्नघरासारखी घमघमते. बाबांना नवा कारखाना आवडला आहे. आईला इथला वारा आवडत नाही, तो केसांना मीठ लावतो म्हणे. आमचे कुरामोचि सर बांबूसारखे उंच आहेत. माझ्या शेजारी हारुमी बसते. तिच्या आईचं केस कापायचं दुकान आहे, पण हारुमीच्याच झिपऱ्या कायम डोळ्यांवर.

आता बातमी. आम्हा सहावीवाल्यांची सहल ऑक्टोबरात जाणार आहे, आणि कुठे? क्योतो आणि नारा! सगळा वर्ग नाचला. मी एकटी मान खाली घालून बसले. आपल्या नारातल्या ज्या महाबुद्धांच्या मूर्तीपुढे मी रांगायला शिकले, ते बघायला आता डबा बांधून जायचं!

तर विनंती अशी, की तू भेटायला येऊ नकोस. सहलीत घरच्यांनी भेटायचं नाही, असा नियमच आहे. आणि तू मला हाक मारलीस की निम्मं नारा वळून बघतं. रागावू नकोस ना.

गुडघ्याला शेक देत जा. लोभ आहेच, तो मांजरापेक्षा बोटभर तरी जास्त असू दे.

तुझी,
चिनात्सु


नारा, ३ जून १९८३

चि. चिनात्सुस,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. मांजरालाही वाचून दाखवलं, ते मध्येच झोपलं.

तर मग सहावीत गेल्यावर आजीची लाज वाटायला लागते म्हणायची! असू दे. मी शपथ घेते, की तुमच्या मुक्कामाच्या जागी फिरकणार नाही आणि महाबुद्धांच्या देवळातही त्या दिवशी पाऊल ठेवणार नाही. आता तरी जिवाला स्वस्थता लाभली ना, बाईसाहेब?

पण मला स्वस्थता नाही. तुझ्या आईचा फोन आला होता. वर्गात तू हजेरीला ‘हो’ म्हणतेस, त्यापुढे तोंड उघडत नाहीस. मुलीच्या घशाला काही झालंय का, असं सरांनी विचारलं म्हणे. मी म्हटलं, ही दुसऱ्याच कोणाची मुलगी असेल. आमची तर झोपेतही बोलायची आणि तिचे आजोबा रेडिओचं बटण शोधत बसायचे! पत्रात तुझी गाडी उतारावर सुटते आणि वर्गात मात्र चाक रुतलेलं, हे कसं? कोणी त्रास देतं का? मला खरं लिही. थट्टा करीन, पण तुझं म्हणणं पुरं ऐकून मग.

पोटभर जेव. म्हातारीवर माया ठेव, दुरून का होईना.

तुझी आजी,
तोमिए


गामागोरी, २७ सप्टेंबर १९८३

ती. आजीस,

सा. न. वि. वि. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी तीन पत्रांत टाळलं. आज लिहिते, कारण रविवारी क्रीडादिनाला फार वाईट झालं.

रिले शर्यतीत हारुमी माझ्याकडे दांडी घेऊन धावत येत होती. झिपऱ्या डोळ्यांवर, त्यामुळे ती भलत्याच रांगेकडे वळली. मी हाक मारायला हवी होती. मी मारली नाही. स्टेशनमास्तरसारखा रुमाल हलवत राहिले. हारुमीने दांडी शेजारच्या वर्गाच्या मुलाच्या हातात दिली, आणि तो बिचारा ती घेऊन पळालासुद्धा! सगळं मैदान हसलं. हारुमी हसली नाही. तू मला हाक का नाही मारलीस, एवढंच तिने विचारलं, आणि मी रुमालाची घडी घालत बसले.

आजी, एप्रिलात पहिल्या दिवशी मला ओळख करून द्यायला उभं केलं होतं. आजोबा गेले, आजी मागे एकटी राहिली, हे मी सांगत होते. माझा नाराचा हेल ऐकून वर्ग पोट धरून हसला. टीव्हीवरच्या विनोदी जोडीसारखी बोलते, अजून बोल, म्हणाले. त्यांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मुलं वाईट नाहीत गं. पण मी रडायच्या बेतात होते आणि ते हसत होते. तेव्हापासून तोंडच उघडवत नाही.

आईला सांगू नकोस. माया आटू देऊ नकोस.

तुझी,
चिनात्सु


गामागोरी, २४ ऑक्टोबर १९८३

ती. आजीस,

सा. न. वि. वि. तुझ्या नाराच्या हरणांना माझा दंडवत सांग.

आम्ही उद्यानात हरणांसाठी बिस्किटं घेतली. कुरामोचि सरांना वाटलं, गठ्ठा डोक्यावर धरला की झालं. एका नराने मागून अशी ढुशी दिली, की सर पळत सुटले. दुसऱ्याने त्यांच्या हातातलं सहलीचं वेळापत्रक खाल्लं, परतीच्या गाडीसकट! हारुमी दगडी दिव्याला चिकटून रडत होती आणि दोन शिंगं तिच्याकडेच चालली होती.

मग माझ्या तोंडून काय काय निघालं, विचारू नकोस. हारुमीला सांगितलं की पळू नकोस, दोन्ही हात उघडून दाखव, काही नाही असं कळलं की जातील. सरांवर ओरडले की तो गठ्ठा आधी खाली टाका. आणि त्या दांडगोबाला तू मांजराला झापतेस तसं झापलं, अगदी नाराच्या भाषेत. तो निमूट गेला. सगळा वर्ग माझ्याकडे बघत राहिला. मग सगळे हसले, पण या वेळी सरांना.

मुक्कामावर हारुमीने विचारलं, की पहिल्या दिवशी तू काय सांगत होतीस, ते पुरं सांग. मी सांगितलं. कोणी हसलं नाही. हारुमीच रडली, उलट मलाच तिची समजूत काढावी लागली.

आता तुझी पाळी. तो बिस्किटांचा गाडा तुझ्या मैत्रिणीचा ना? विकणाऱ्या बाईच्या डोक्याला रुमाल, तोंडावर पट्टी, आवाज घोगरा काढलेला, आणि पायांत दोन रंगांचे मोजे! नारात असे मोजे दुसरं कोण घालतं? मी तुला तेव्हाच ओळखलं होतं. बोलले असते तर तिथेच रडले असते, म्हणून सुटे पैसे मोजत राहिले.

वीस नोव्हेंबरला शाळेत नाटक आहे. गावाला दटावणारी म्हातारी कोल्हीण मी होणार, नाराच्या हेलात. इतकं झापायला कुठे शिकलीस, असं सरांनी विचारलं. मी कोणाचं नाव घेतलं नाही.

या वेळी ये. पट्टी न लावता, पहिल्या रांगेत. हवी तेवढी मोठ्याने हाक मार.

तुझी,
चिनात्सु


नारा, २३ नोव्हेंबर १९८३

चि. चिनात्सुस,

अनेक आशीर्वाद. सुखरूप पोचले. शपथेत उद्यानाचं नाव नव्हतं, इतकंच माझं म्हणणं. मोज्यांची जोडी मांजराने लपवली होती.

कोल्हीण उत्तम झाली. फक्त लेखकाने मला विचारायला हवं होतं, तिचं निम्मं बोलणं मी तुला न्हाऊ घालताना बोललेलं आहे! लोक हसत होते आणि तुझी आई डोळे पुसत होती. मी रडले नाही, पहिल्या रांगेत फार उजेड होता.

पण एक गोष्ट तुला ठाऊक नाही. नाटकानंतर तुम्ही दोघी चपलांच्या फळ्यांपाशी धावत आलात. संत्री कोणी आणायची यावर तू हारुमीशी भांडत होतीस. मी दाराशीच होते. तुझ्या वाक्याच्या शेवटी ‘दारा’ आलं, म्हणजे ‘हो ना?’, त्या गावचं, अगदी सहज. आमच्याकडे असं कोणी बोलत नाही. खरं लिहिते, मला टोचलं. सहा महिने मी तुझ्या बंद जिभेची काळजी केली, आणि ती सुटली तर तिच्यावर दुसऱ्याच गावाची चव! मग तू मला पाहिलंस आणि त्याच दमात आपल्या बोलीत बडबडत येऊन बिलगलीस. बदल तुझ्या लक्षातही आला नाही. मग माझंही टोचणं गेलं.

परतताना गाडीत हारुमीच्या आईने दिलेली संत्री सोलली. शेजारच्या बाईंना एक दिलं. गोड आहे ना, हे विचारताना मी मुद्दाम शेवटी ‘दारा’ लावून पाहिलं. बाईंनी कौतुकाने विचारलं, गामागोरीकडच्या का तुम्ही?

मी म्हटलं, नाही हो. मी नाराची. नात गामागोरीची.

हारुमीच्या झिपऱ्या कापायला सांग. दोन्ही बोलींत आठवण काढत जा.

तुझी आजी,
तोमिए