गिरणीतले झोंबरे

५ जाने., सोम.
अकराला लाईट गेली. आमच्या गिरणीच्या पायरीवर आठ-नऊ बाया, डबे घेऊन. कलावती मेंढ्यांमागून थेट आलेली. म्हणाली, "वैनी, सारखं काय लिहायल्यात त्या वहीत?" लाजत दोन पानं वाचली. गोष्टीत आपल्या पालममधी मेलेली माणसं उठून चावायलीत, उरलेले कापसाच्या गोदामात कोंडून घेतात. स्टँडवरचा मेलेला कंडक्टर अजून "पुढं सरका" म्हणतोय, तिथं शांताकाकू डोळे पुसेपर्यंत हसल्या. झॉम्बी कुणाला म्हणता येईना. कलावतीनं झोंबरे केलं. तेच ठेवलं.

८ जाने., गुरु.
लाईट आजही गेलेली, तरी शांताकाकू दोन मुठी ज्वारी घेऊन दळणाला. निमित्त. बाकीच्यांनी तेवढंही आणलं नाही.
आजचा भाग: शाळेतल्या बाई गोदामाचं दार वाजवतात. चावलंय का, माहीत नाही. आतले उघडत नाहीत. यावरून बायांत अर्धा तास भांडण.
"उघडा की. आपल्याच बाई हायत."
"आत लेकरं हायत, त्यांचं काय?"
झोंबऱ्यांबद्दल कुणी एक शब्द विचारत नाही. सगळा राग आतल्या जित्या माणसांवर.
कलावती शेवटी म्हणाली, "बिमार मेंढी आमी बाजूला बांधतो. पाणी तोडत न्हाई तिचं." मग माझ्याकडं वळून, "तुमी आत असत्या तर?"
म्हटलं, लाईट आली वाटतं. आली नव्हती.

९ जाने.
एक ओळ लिहिली नाही. आठवत राहिल्या थोरल्या जाऊबाई, विमलअक्का. कोरोनाच्या साली पुण्याहून भाऊजींसोबत आल्या, उन्हात, फाटकाशी उभ्या. मी खिडकीतून बोलले. शाळेत, विलगीकरणात जा म्हटलं. नियमच तसा होता, हे मी सगळ्यांना सांगत आले. पण पाणी देऊ नका असा काही नियम...
त्या पोखर्णीला राहायला गेल्या. आमचा उंबरा परत चढल्या नाहीत.

११, रवि.
तीन शेवट लिहिले, तिन्ही खोडले. एकात दार उघडल्यावर सगळेच मेले. ह्यांनी वाचलं. "मग दळणार कोण?" एवढंच. पल्लवी म्हणे, "आई, असल्या गोष्टीत झोंबरे नुसते येतात-जातात. खरी गोष्ट माणसांचीच असते." बारावीला आहे, पण बोलली बरोबर.

१३, भोगी.
दिवसभर बाजरी. केसांत, पापण्यांत पीठ. वाचन नाही म्हणून बाया रुसल्या. जाताना कलावती, "त्या बाईला आत घेतलं का?"
"अजून न्हाई."
"लय दिस झाले वो. तहान लागली आसंल."

१५, गुरु.
सकाळच्या एसटीनं पोखर्णी. अक्का अंगणात तूर पाखडत होत्या. सूप थांबवलं नाही. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. खिडकीचं, पाण्याचं.
"आठवतंय मला," म्हणाल्या. सुपातला कचरा फुंकून उडवला. मग, "तुझ्या जागी मी असते तर कुत्रं सोडलं असतं, सुनंदा."
आधी त्या हसल्या. मग मी. मग दोघींना थांबता येईना. शेजारीण डोकावून गेली.
जेवण झाल्यावर वही काढली. सगळं ऐकलं त्यांनी.
"ती बाई मी हाय का?"
"हो."
"मंग साडी चांगली दे तिला. मळकट काय लिहिलीस." आणि थोड्या वेळानं, "एकदम दार उघडू नको. आधी इचार तिला, आत यायचंय का म्हणून."
हे मला सुचलंच नव्हतं. घरी या, असं निघताना म्हटलं. त्या तूर भरत होत्या.

१९, सोम.
नवा भाग वाचला. बाई आता मोरपंखी साडीत. आतून कुणीतरी फटीतून पाण्याचा तांब्या सरकवतं, आणि विचारतं, बाई, येता का आत? इथं वही मिटली. ओरडा झाला नुसता. कुणी म्हणे येतील, शांताकाकू म्हणे थुंकतील तोंडावर. एवढी मजा गिरणीत कधी आली नव्हती.
चारला अक्कांचा फोन. पहिल्यांदाच, त्यांच्याकडून. काय झालं बाईचं, विचारलं. सांगितलं.
"बरं," म्हणाल्या. "तिचं उत्तर तू लिहून टाकू नको. मी इचार करायले."