माइक चालूच राहील

बुधवार, संध्याकाळ. नंदनवन

इटालियनच्या ऑनलाइन क्लासमध्ये आज बाईंना त्यांच्या आईचा फोन आला. बाई नेपल्सच्या. त्यांनी घाईघाईने माइक बंद केला, तरी दोन वाक्यं ऐकू आलीच. एवढ्या मोकळ्या त्या वर्गात कधी बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माफ करा, ही आमची घरची बोली. शिकू नका, चुकीची आहे."

चुकीची? आईशी चुकीचं बोलतं का कोणी?

रागच आला मले. पण पुण्याच्या ऑफिसची मीटिंग चालू असताना आई स्वयंपाकघरातून "काहून वं, जेवाले येत नाही का?" म्हणते, तेव्हा मीही माइक बंदच करते ना?

उद्याही ती हाक मारेल. माइक चालूच राहील. सगळ्यांच्या कानावर जाऊ दे, "येऊन राहिली वं माय!"