होबार्टचा पाय कुठल्या काउंटीत होता

प्रिय रॉस्को भाऊजींना,

ओपलचा सप्रेम नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे होबार्ट गेल्यावर जितकं ठीक असायचं तितकं. तुमचा गुडघा काय म्हणतो? वायनोना जाऊबाई अजून तुम्हाला लोण्याशिवायच पाव देतात का? (देत असतील तर चांगलंच करतात.) अंत्यविधीला तुम्ही मागच्या बाकावर बसलात नि कुणाशी न बोलता निघून गेलात, ते मी पाहिलं. राग नाही, पण जेवायला थांबला असतात तर बरं वाटलं असतं.

पत्राला तसं काही कारण नाही. कोर्टाच्या गमती तुमच्या कानावर घालाव्यात म्हटलं. तुमच्या भावाचा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे. कुणी ट्रक मागे घेताना दिसला की त्याचे हात आपोआप वर जायचे, येऊ दे, येऊ दे, थांब! बोलावणं लागत नसे. (दफनाच्या दिवशी शववाहिनी मागे घेताना ड्रायव्हर सवयीने होबार्टलाच शोधत होता. मला हसू आलं, मग रडू आलं, मग पुन्हा हसू.) अपघाताच्या दिवशी चर्चच्या वळणावर त्या तयार घरं बनवणाऱ्या कारखान्याचा ट्रक अख्खं घर पाठीवर घेऊन अडकला. आमचे हे धावलेच. घराचे पट्टे कुणी नीट आवळले नव्हते. घर घसरलं आणि होबार्टला घेऊन जिल्ह्याच्या हद्दीवरच्या चरात गेलं. त्या घराचे निळे पडदे अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

आता कायदा ऐका. आमच्या वकीलबाई मिस प्रुएट सांगतात, कुणाच्या चुकीने माणूस गेला तर दावा आपल्या मनाला येईल तिथे लावता येत नाही. जिथे इजा झाली त्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, लावायचा, नाहीतर ज्याच्यावर दावा त्याचं ऑफिस असेल तिथे. कारखान्याचं ऑफिस तुमच्या वेल्डन काउंटीत. तिथे ज्यूरी बसवली तर निम्मे लोक कारखान्यातले निघतील आणि उरलेले त्यांचे सासरे. म्हणून आम्ही दावा इकडे पर्डी काउंटीत लावला. आता कारखानेवाले म्हणतात, होबार्ट चराच्या पलीकडे, म्हणजे वेल्डनच्या हद्दीत, भर रस्त्यात आपणहून घुसला होता. तो पडला चरात हे खरं, पण कायदा पडला कुठे ते बघत नाही, लागलं कुठे ते बघतो. त्यांचं ऐकलं गेलं तर दावा वेल्डनला जाईल आणि माझा नवरा स्वतःच्या मूर्खपणाने मेला असं कायमचं लिहिलं जाईल. भाऊजी, बाकी काहीही झालं तरी चालेल, हे मला सोसणार नाही.

बरं, तो चर तरी कुणाचा? आजवर त्यातलं गवत कापायची वेळ आली की पर्डी म्हणे वेल्डनचा, वेल्डन म्हणे पर्डीचा. आता दोघांनाही त्याचा पुळका आलाय. शेवटी न्यायाधीश स्वतः जागा बघायला आले. गाव घडीच्या खुर्च्या घेऊन हजर. (जोन्क्विल मावशींनी उकडून मसाला भरलेली अंडी आणली होती, न्यायाधीशांनी दोन घेतली.) होबार्ट म्हणून पाद्रीबुवांना उभं केलं. मग काय विचारता! हात आणखी वर घ्या, पोट आत ओढू नका, होबार्ट कधी ओढत नसे, अशा चहूकडून सूचना. ज्याला त्याला आपली कहाणी आठवली, होबार्टने कुणाची बोट तळ्याऐवजी कुंपणात शिरवली, कुणाचं धान्य गाडीऐवजी कुत्र्यावर ओतवलं. कारखान्याचे वकील गालात हसत म्हणाले, एकूण गृहस्थ लुडबुडे होते तर. त्यावर पशुखाद्याच्या दुकानातला लेस्टर खुर्चीतून उठला. "लुडबुड्या म्हणायचा हक्क आमचा आहे, साहेब. तुमचा नाही." पण होबार्ट नेमका कुठे उभा होता ते कुणीच पाहिलेलं नाही. ड्रायव्हरची नजर दुसऱ्या आरशात होती.

असो, पत्र फार लांबलं. जाऊबाईंना आठवण सांगा आणि लोणी चोरून खाऊ नका.

तुमची भावजय,
ओपल

ता. क. गुरुवारी सुनावणी आहे. तुम्ही साक्षीला या. वेल्डनच्या जत्रेतल्या स्पर्धेत तुम्ही परीक्षक होतात, होबार्टने खारवलेल्या डुकराच्या मांडीला, त्या हॅमला, खारट म्हणालात आणि पहिल्या नंबराची निळी फीत दुसऱ्याला दिलीत. तेव्हा "ह्या काउंटीत पुन्हा पाय ठेवणार नाही" असं तो तुमच्या तोंडावर म्हणाला, आणि शेवटपर्यंत त्याने ते पाळलं. ट्रक पलीकडे अडकला तर हा हद्दीच्या पाटीला टेकून अलीकडून ओरडायचा. हे मी सांगितलं तर बायकोचं बोलणं ठरेल. तुम्ही सांगितलंत तर भांडलेल्या भावाचं. हॅमचं चारचौघांत बोलावं लागेल, पण घाबरू नका. हॅम खारटच होतं. हिवाळाभर मी खाल्लंय.

ता. क. दुसरा. शपथेवर बोलायचं आहे म्हणून एक गोष्ट आधीच सांगते, मागाहून तुमची पंचाईत नको. तुमच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा वेल्डनच्या हॉस्पिटलात मी एकटीच आले असं तुम्हाला वाटलं. होबार्ट खाली गाडीत होता, सकाळपासून. तुम्ही शुद्धीवर आलात हे सांगायला मी खाली गेले, तेव्हा शेजारी मागे सरकणाऱ्या ॲम्ब्युलन्सला हा खिडकीतूनच हात करत होता. मला म्हणाला, "गाढव जगलं ना? मग चल." आणि घरी येईपर्यंत नाक पुसत राहिला. पण दार त्याने एकदाही उघडलं नाही. पाय जमिनीला लागला नाही. तेव्हा तुम्ही शपथेवर खुशाल सांगा.