पोट दुखतं म्हणू नकोस

बालाघाट, ऑगस्ट १९६४

प्रिय चिंतू,

हे पत्र होस्टेलच्या व्हरांड्यात मित्रांसमोर वाचू नकोस, खोलीचं दार लाव. गोपू आता बरा आहे हे आधीच सांगते, नाहीतर तुझा जीव टांगणीला लागायचा.

परवा शाळेला निघता निघता तो मोरीपाशी खाली बसला. "आई, पोट दुखून राह्यलं," एवढंच म्हणाला आणि ओकला. आपल्या घरात बेंबीपासून मांडीपर्यंत सगळ्याला पोटच म्हणायची रीत. हे उकव्याला दौऱ्यावर होते, म्हणून शेजारच्या गोदाबाईंना बोलावलं. "हौ, नाभी सरकली याची," म्हणत त्यांनी पोटावर दिवा ठेवून वर तांब्या पालथा घातला. पोर ओठ आवळून पडून होतं, हात मात्र खाली घट्ट. विचारायला मला लाज, सांगायला त्याला.

संध्याकाळी हे आले आणि तसंच उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी चड्डी सोडायला लावली आणि आमच्यावर असे भडकले म्हणून सांगू! ऑपरेशननंतर मग शांतपणे समजावलं. काही मुलांच्या अंडकोशातली गोळी जन्मतःच नीट धरलेली नसते, घंटेतल्या लोलकासारखी मोकळी लटकते. कधीही पीळ बसतो आणि तिला रक्त पोचायचं थांबतं. सकाळीच आणलं असतं तर वाचली असती. एक काढावी लागली. दुसरीही तशीच मोकळी होती, ती टाके घालून पक्की केली. हे बाहेर बाकावर बसून रडले रे. एकीवरही संसार होतो, मुलंबाळं होतात, असं डॉक्टर म्हणाले. ते ऐकल्यापासून आमचे चिरंजीव खुशीत आहेत, काल दोनदा शिरा मागितला.

आता तुझं. गेल्या दिवाळीत सायकलवरून उतरून तूही असाच कळवळला होतास. थोड्या वेळानं थांबलं, आणि तूही "पोट"च म्हणालास. मी ते डॉक्टरांना सांगितलं. भावाभावांत हा दोष असू शकतो, तेव्हा पीळ बसून आपोआप सुटला असेल, पुढच्या वेळी सुटेलच असं नाही, असं त्यांचं म्हणणं. काल रात्रभर मला झोप नाही. पत्र मिळताच जबलपूरच्या मोठ्या इस्पितळात जाऊन दाखव. आणि तिथं लाजेनं तोंडातून पुन्हा पोटच निघालं, तर हे पत्र पुढे कर. तो खरा शब्द मी वर लिहिला आहे, हिंदीतही तोच आहे. तुला उच्चारायला नको.

तुझी वाट पाहणारी, तुझीच
आई