माझ्या नावाची सव्वा मूठ

शनिवार, क्योटो. उद्या घरी कानबाई, आमच्या खानदेशातला श्रावणातला देवीचा सण.

इथल्या देवळात लाकडी पाटीवर नाव लिहून टांगतात. सहलीतल्या बायकांनी नातवांची नावं लिहिली. मी माझं लिहिलं, तेवढ्यात धुळ्याहून धाकट्या दिरांचा फोन. "वहिनी, रोटना गहू मोजाले बठनूत. तुम्ही नहीत, मंग रोट कोन करी?"

मी अर्धं जग फिरून आले, आणि यांना देवीच्या नैवेद्याच्या रोटांची पडली आहे! एकतीस वर्षं थोरली सून म्हणून मीच केले. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू. गेल्या वर्षी तान्ह्या नातवाचीही सव्वा मूठ पडली. दळून आणणारी, मळणारी, लाटणारी मी. माझी मूठ कधीच नाही.

म्हटलं, "भाऊजी, तुम्हीच करा. कणीक मळायला मिशा आड येत नाहीत."

जास्त बोलले का? कानबाई कोपेल? कोपू दे. माझं मी तिच्याशी बघून घेईन.

शेवटी हळूच विचारलं त्यांनी, "पुढला साल तरी येशात ना?"

"येईन. आधी माझ्या नावाची सव्वा मूठ मोजा. आत्ता."

सुपात गहू पडल्याचा आवाज आला, तेव्हाच फोन ठेवला.