आमच्या घरात काडी मोडत नाही

कडेगाव, पौष महिना, सन १९६४

व्याही हरिबा यांना धोंडिरामचा रामराम. पंच म्हणतात, काडीमोड झाली, आता व्याही म्हणायचं नाही. मी म्हणणार. शाई माझी आहे. आम्ही इकडे खुशाल आहोत (मला खोकला आहे, पण तो काडीमोडीच्या आधीपासूनचा, त्याचा दोष तुमच्यावर नाही). तुमच्या माणदेशात पाणी कसं आहे, मेंढरं कुठवर गेली, गुडघा कसा आहे, ते कळवावे. न कळवलं तरी माझं काही अडत नाही.

लिहिण्यास कारण की, तुमच्या आकारामची आणि आमच्या पारूची काडी पंचांनी मोडली तेव्हा अंजना तुमच्याच मांडीवर बसून बघत होती. सात वर्षांचं पोर. गवताची एवढीशी काडी मोडली आणि बाप मुंबईला, आई कडेगावला, हे तिच्या डोक्यात बसलं. तेव्हापासून ती आमच्या घरात कुणालाही काडी मोडू देत नाही. कुठलीच. कुणी मोडायला गेलं की दोन्ही हातांनी धरून बसते, रडतसुद्धा नाही (रडली असती तर मला बरं वाटलं असतं).

त्यामुळे चुलीत फाटी अखंड जाते. एक टोक पेटलेलं, दुसरं उंबऱ्याबाहेर. परवा ताकाचं भगुलं घेऊन मी तिच्यात पाय अडकून पडलो (ताक गेलं, मी राहिलो). ऊस खायचा तर नात एका टोकाकडून आणि मी दुसऱ्या. मला दात कमी, म्हणून बहुतेक ऊस तिचाच होतो. दातवणासाठी लिंबाची काडी मोडायची नाही, म्हणून रोज सकाळी फांदी खाली ओढून, झाडाला असलेल्याच काडीनं मी उभ्या उभ्या दात घासतो. शेजारचा लालासाहेब रस्त्यावरून ओरडला, "आवं धोंडूतात्या, शेरडागत पाला काय खाताय? न्हारी न्हाई मिळाली व्हय?" मी तोंडात फांदी घेऊनच शिव्या दिल्या. त्या त्याला कळल्या नाहीत, याचं वाईट वाटतं.

गाव म्हणतं, पोरीला एक ठेवून द्या, आपोआप सुधारेल. आमची कारभारीण लक्ष्मीबाई आधी अंगारे लावत होती, आता तीही मुकाट्यानं सबंध फाटी जाळते. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस आहे, मला गावानं शिकवू नये. पोर स्वतः म्हणेल तोवर या घरात काडी मोडणार नाही. पंच आले तरी नाही.

आपला,
धोंडिराम

ता. क. हे पत्र मदत मागण्यासाठी नाही. तुम्ही येऊ नये.

ता. क. आलात तर पारूची हरकत नाही. मी विचारलं. "येऊ द्या की," म्हणाली आणि भाकरी थापत राहिली.

ता. क. शाळेतले मास्तर म्हणाले, पोरीला खरं काय ते सांगा. म्हणून काल सांगितलं, ती काडी तुझ्या आईबापाची होती, त्यात तू नव्हतीस. तर म्हणते, "मग हरिबा आज्या आजून माजाच हाय?" मी म्हटलं, "हाय म्हंजी हायच!" तिला पटलं नाही. मी पडलो दुसऱ्या बाजूचा. हे तुम्हीच सांगायला हवं. शाळा सुटायच्या वेळेला या. मला नाही भेटलात तरी चालेल.