दाराबाहेरची नजर

ती. बाबा,

लालबागहूनच तुमच्या पाया पडते.

मी मजेत आहे. खानावळीत बांगडा मिळतो, आईला सांगा. तुमची कंबर कशी आहे? आपल्या गणपतीच्या शाळेत मूर्ती रंगवायला कोणी मदतीला येतं का?

यंदा इथल्या कारखान्यात मला मोठ्या मूर्तीचे डोळे आखायला दिले. काल मंडळाची पोरं बघायला आली. एक जण सगळ्यांसमोर बोलला, "ताई, बाप्पा आमच्याकडे बघतच नाय!"

खाली उभं राहून पाहिलं, तर खरंच. आपल्या शाळेत गणपती पाटावर असतो, आपण समोर मांडी घालून बसतो. मी इथे उंच परांचीवर, मूर्तीच्या तोंडाशी बसून तशीच समोरासमोर नजर आखली. ती सगळ्यांच्या डोक्यांवरून दाराबाहेर गेली.

शेठ ओरडले नाहीत. पुसून पुन्हा आख म्हणाले. पण सकाळपासून मी ब्रश नुसता धुऊन ठेवतेय. मला हे खरंच येतं का हो, की तुमची मुलगी म्हणून गावात सगळे चांगलं म्हणायचे?

आत्ता पुसायला वर चढले आणि बाप्पाच्या नजरेच्या रेषेत बघितलं. कारखान्याचं दार दक्षिणेला आहे, बाबा. आपलं गाव तिकडेच.

पुसायला हात धजेना.

तुमची,
दिशा